मंद उजेडातलं लग्न

६ फेब्रुवारी, सोमवार

लग्न ठरून अकरा दिवस झाले. ठरलेल्या गोष्टी आजपासून लिहून ठेवणार, म्हणजे त्याच त्या मुद्द्यावर तीन वेळा बोलावं लागणार नाही.

आज ठरलं ते असं. माणसं साठ, एकसष्टावं नाही. सह्या आणि जेवण एकाच जागी. कर्ज काढायचं नाही, नातेवाइकांकडून उसने घ्यायचे नाहीत. आणि एवढं करून लग्न देखणं दिसलं पाहिजे. शेवटची अट माझी. मोजणीदाराला, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला, विचारलं तर म्हणाला, "तू येणार आहेस ना? मग झालं." तो जमिनीची मोजणी करतो, दिवसभर उन्हात उभा असतो. सावली असलेली कुठलीही जागा त्याला देखणीच वाटते. आई त्याला सुरुवातीला टोमणा म्हणून मोजणीदार म्हणायची, आता आम्ही सगळेच म्हणतो.

गेल्या महिन्यात प्रयोगशाळेतल्या एकीच्या लग्नाला गेले होते. छतभर पांढऱ्या ट्यूब, कागदी टेबलक्लॉथ, जेवणाऱ्यांचे चेहरे पासपोर्टच्या फोटोसारखे. नवरी बिचारी आमच्याकडे तपासणीला येणाऱ्या नमुन्यासारखी दिसत होती. मी दिवे तपासते, पाच वर्षं झाली. कुठला दिवा किती उजेड देतो, त्याचा रंग काय, तो किती तास जगतो. कुठल्याही खोलीत गेलं की तिथे काय वाईट दिसतंय ते मला आधी दिसतं. हा गुण की खोड, ते अजून ठरलेलं नाही.

आईला यादी वाचून दाखवली. म्हणाली, "पोशाख मी शिवणार. ते लिही." अठ्ठावीस वर्षं ती लोकांचे कपडे शिवते आहे, बाबा गेल्यावर घर त्याच्यावरच चाललं. लिहिलं.

"आणि तारीख?"

"स्वस्त असेल ती."

"जवळची बघ," आई म्हणाली.

९ फेब्रुवारी, गुरुवार

अर्धी रजा टाकून हॉल पाहिला. पूर्वी तिथे छापखाना होता. यंत्रं गेली, उघड्या विटा आणि शाईचे डाग राहिले. व्यवस्थापक म्हणाला, "प्लास्टर पडलंय असं समजू नका मॅडम. हल्ली लोक या भिंतीचेच जास्त पैसे देतात."

मोजणीदार पावलं टाकत दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आला. "बावीस मीटर. आणि जमीन डावीकडे उतरती आहे."

"उताराचे पैसे घेत नाही," व्यवस्थापक म्हणाला.

सुट्टीच्या दिवसाचं भाडं आमच्या आवाक्याबाहेर. सप्टेंबरातल्या मंगळवारी, संध्याकाळी, चाळीस टक्के कमी. १२ सप्टेंबर मोकळी आहे. तोंडी धरून ठेवायला सांगितली.

निघताना त्यानं मुख्य दिवे बंद केले. दाराजवळचा एकच पिवळा दिवा राहिला आणि मी थांबले. शाईचे डाग दिसेनात. चार प्रकारच्या खुर्च्या एकसारख्या झाल्या. विटांना तांबूस रंग आला. मासिकात असतात तसली जागा झाली, आणि त्यासाठी कुणी काही केलं नव्हतं. अंधार फुकट असतो आणि सगळं झाकतो. टेबलावर चाळीस लक्सचाच उजेड ठेवला तर ताटातलं दिसेल, ताटाखालचं दिसणार नाही. सजावट करायलाच नको.

दिवेही सुटतील. रंगाच्या तपासणीत नापास झालेले नमुने आम्ही मोडीत काढतो. ठरल्यापेक्षा किंचित पिवळे, एवढाच त्यांचा गुन्हा. साहेबांना फोन केला. म्हणाले, "ने साठ. तसेही मोडीतच जाणार आहेत." मग जरा थांबून म्हणाले, "दिवे म्हणतोय मी."

घरी आल्यावर आईला तारीख सांगितली.

"सप्टेंबर? सात महिने?"

"भाडं चाळीस टक्के कमी आहे, आई."

"सात महिन्यांत काय काय होतं."

"काय होतं?"

"काही नाही. हात धू, जेवायला बस."

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आईची तक्रार: शिवणाच्या खोलीत अंधार आहे. संध्याकाळी कामावरून लक्समीटर घरी आणला आणि मशीनच्या सुईखाली ठेवला. सहाशे वीस. लक्स म्हणजे टेबलावर पडणारा उजेड किती त्याचं माप, हे तिला पुन्हा एकदा समजावलं. शिवणकामाला साडेसातशे असावेत. म्हणजे तिची तक्रार बरोबर होती. तसं तिला सांगितलंही. दिवा बदलला, खाली आणला, कोन बदलला. अकराशे.

"आता?"

ती कापडावर वाकली, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. "अंधारच आहे गं."

"आई, हा आकडा बघ. अकराशे. ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या खोलीत एवढा असतो."

"मग मीटरला शिवायला बसव."

मावशी हसली. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि हल्ली रोज येते. मला ती लहानपणापासून "आमचं मीटर" म्हणते. आज तिनं हसता हसता आईकडे पाहिलं आणि हसणं मध्येच सोडून दिलं.

निष्कर्ष: तक्रार उजेडाची नाही. आईला तारीख आवडलेली नाही, आणि ती ते सरळ सांगणार नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार

पोशाखाची पहिली ट्रायल. कापड गडद निळं, वजनदार, कारखान्याच्या दुकानात थानाचा शेवटचा तुकडा म्हणून अर्ध्या किमतीत मिळालेलं. कल्पना माझीच: मंद पिवळ्या उजेडात गडद निळा जवळजवळ काळा दिसतो, आणि काळा महाग दिसतो.

आईनं टेप लावलीच नाही. तळहातानं खांदा, पाठ, कंबर चाचपत गेली. म्हणाली, "तुझं माप मला पाठ आहे." टाचण्या टोचत होत्या. मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "हलू नकोस म्हणजे टोचणार नाहीत." मी हलत नव्हते.

काढल्यावर शिलाई मोजली. कडेपासूनचं अंतर कुठे अकरा मिलिमीटर, कुठे सतरा. आणि निळ्या कापडावर एका बाजूला काळा दोरा.

"आई, हा दोरा काळा आहे."

"मग? तशी फॅशन आहे."

"एकाच बाजूला?"

तिनं शिलाईवरून बोट फिरवलं. मी म्हटलं, घाई नको, सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. आणि फार दगदग होत असेल तर दुसऱ्या कुणाकडे देऊ. हे मी चांगल्या हेतूनं म्हटलं होतं. तिनं पोशाख माझ्या हातातून घेतला, घडी घातली, कडेला कड लागली नाही म्हणून पुन्हा घातली.

"दे की," म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडे दे."

मग जेवताना एक शब्द नाही. हल्ली ती माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघतही नाही. खांद्याच्या जरा वर, कानाजवळ कुठेतरी बघते. पूर्वी रागावली की थेट डोळ्यांत बघायची. हा नवा प्रकार जास्त त्रासदायक आहे.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

नोंद करण्यासारखं काही नाही. थकले आहे. जेवणवाल्यानं ताटामागे आकडा पुन्हा वाढवला आणि "तुमच्यासाठी म्हणून" असं म्हणाला. आई बोलायला लागली, पण कामापुरतं. पोशाख तीच शिवते आहे. मी विषय काढला नाही.

१ मार्च, बुधवार

दोन बऱ्या गोष्टी.

एक. आईच्या मशीनशेजारी उशीत तीस सुया टोचून ठेवलेल्या दिसल्या, प्रत्येकीत दोरा ओवलेला, रंगवार ओळी. डावीकडे पांढरा, मग निळा, मग काळा. मावशी रोज दुपारी येऊन हे करून जाते म्हणे. आईच्या कामात इतकी शिस्त मी कधी पाहिली नव्हती. वेळ वाचतो. तिला तसं म्हटलं तर म्हणाली, "तुझ्याकडूनच शिकले."

दोन. मोजणीदाराचं आणि आईचं जमतंय. आज तिघं कापडाला अस्तर बघायला गेलो. रस्ता ओलांडताना त्यानं तिच्या कोपराखाली हात दिला आणि "पायरी" म्हणाला, "आता अजून एक". ती त्याला बिलगून चालत होती. मी कधी तिचा हात धरला तर झटकून टाकते. मी त्याला नंतर म्हटलं, सासूला लोणी लावायची एवढी गरज नाही. तो काहीतरी बोलणार होता, पण माझ्या तोंडाकडे पाहून नुसतं "बरं" म्हणाला.

दुकानात आईची जुनी गिऱ्हाईक भेटली, वीस वर्षांची ओळख. आई तिच्या शेजारून तशीच पुढे गेली. बाईंनी हाक मारल्यावर थांबली आणि मग दहा मिनिटं गप्पा मारल्या. वयाबरोबर माणसं तुटक होतात असं वाचलं होतं. आई अजून साठीचीही नाही.

५ मार्च, रविवार

भांडण झालं. आमच्या घरात भांडण म्हणजे दोघी हळू बोलतात.

आई म्हणाली, या महिन्यात करा, नाहीतर पुढच्या. मी कारण विचारलं. म्हणाली, "मला वाटतं म्हणून."

"वाटतं म्हणून जास्त पैसे द्यायचे?"

"मी देते."

"तुझ्याकडे कुठून येणार? हल्ली तू निम्मं काम परत पाठवतेस."

ती टेबलावरचा चुरा तळहातानं गोळा करायला लागली. चुरा नव्हता तिथूनही.

"अगं, सप्टेंबर लांब आहे."

"सप्टेंबर आहे तिथेच आहे. तूच उगाच काहीतरी धरून बसली आहेस. तुला तो पसंत नाही का?"

"मोजणीदार? तो तुझ्यापेक्षा बरा आहे."

"मग घाई कशाला? तुझा मान राहावा म्हणून? लोक विचारतात म्हणून."

"लोक गेले खड्ड्यात," आई म्हणाली. "सप्टेंबरात मी कशी असेन ते मला सांगता येत नाही, एवढंच."

हे वाक्य मला आवडलं नाही. माणसाला अडकवण्याचं हे जुनं हत्यार आहे, आणि आईनं ते माझ्यावर आजवर कधी उगारलं नव्हतं. मी सांगितलं, तुझी सगळी तपासणी गेल्या वर्षी झाली आहे. साखर, रक्तदाब, हृदय, सगळं ठीक आहे. ती म्हणाली, "हो, हृदय ठीक आहे."

मग तिला आसन-व्यवस्थेचा नकाशा दाखवला, विषय बदलावा म्हणून. मी तो मोजपट्टीनं काढला आहे. तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. "या रेघा अशा वाकड्या का काढल्यास?"

रेघा सरळ आहेत. मी उत्तर दिलं नाही. भांडण उकरून काढायचंच असेल तर कशावरूनही काढता येतं.

११ मार्च, शनिवार

आज दिव्यांची चाचणी होती. व्यवस्थापकानं दुपारचे दोन तास हॉल फुकट दिला. खिडक्यांना काळं कापड लावलं. मी आणि मोजणीदारानं अठ्ठेचाळीस दिवे टांगले, बारा राखीव ठेवले. टेबलावर अडतीस ते त्रेचाळीस लक्स आले. मला हवं होतं तेच. जागा अशी दिसत होती की पैसे कुठून आणले असं कुणीही विचारलं असतं.

पोशाख सोबत आणला होता, उजेडात कापड कसं दिसतं ते बघायला. तो हॉलच्या टोकाला शिवणाच्या स्टँडवर चढवला, माणसाच्या उंचीचा तो लाकडी धडाचा स्टँड, आणि त्याच्यावर एक दिवा सोडला. मग मावशी आईला घेऊन आत आली. आईचा एक हात मावशीच्या दंडावर होता आणि दुसरा भिंतीवर, विटांवरून घसरत येत होता. मी डाव्या बाजूला खांबापाशी उभी होते. तिच्यापासून चार मीटरवर.

आई हॉलच्या मध्ये थांबली. दिव्यांकडे बघितलं, म्हणजे मान वर केली. म्हणाली, "छान आहे. अगदी छान केलंयस." तिचा आवाज पाहुण्यांशी बोलतानाचा होता.

मग ती स्टँडकडे तोंड करून उभी राहिली. बराच वेळ. चेहरा मऊ झाला होता, असा मी किती वर्षांत पाहिला नव्हता.

"बाळा, जरा वळ," ती स्टँडला म्हणाली. "पाठीमागून बघू दे."

मावशीनं तोंडावर हात ठेवला. मोजणीदार शिडीवर होता, तो तिथेच राहिला.

मला आवाज द्यायचा होता: आई, मी इकडे आहे. दिला नाही. का, ते लिहिता येत नाही. मी चपला काढल्या, भिंतीच्या कडेनं स्टँडपर्यंत गेले आणि त्याच्यामागे वाकून तो हळूहळू फिरवला. पूर्ण एक फेरा.

"बरा बसलाय," आई म्हणाली. "बरा बसलाय गं पाठीवर."

१२ मार्च, रविवार

मावशीच्या घरी गेले. तिनं दार उघडलं आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "मी शपथ घेतली होती."

फाइल मावशीच्या कपाटात होती, माझ्या नजरेस पडू नये म्हणून. पहिला कागद गेल्या सप्टेंबरातला. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. डावा डोळा जवळजवळ गेलेला. उजव्याचा मध्यही जातोय, कडेनं दिसत राहील. शेवटची तपासणी जानेवारीत, माझं लग्न ठरलं त्याच्या आदल्या आठवड्यात. खाली डॉक्टरांच्या अक्षरात: वेग वाढला आहे. पुढे किती महिने, ते त्यांनीही लिहिलेलं नाही. समोरचा चेहरा ओळखणं अवघड जाईल, सरळ रेघा वाकड्या दिसतील, असं एका छापील पत्रकात होतं. ते पत्रक मी दोनदा वाचलं. त्यातली प्रत्येक गोष्ट या वहीत माझ्या अक्षरात आधीच लिहिलेली आहे, तारखेसकट.

"दिवा बदलत होतीस तेव्हा तुला ओरडून सांगावंसं वाटलं," मावशी म्हणाली.

"मग ओरडायचं."

"तू आकडा दाखवत होतीस गं. त्याच्यापुढे काय बोलणार?"

तिनं चहा केला. तो मी प्यायले की नाही, आठवत नाही.

१४ मार्च, मंगळवार

डॉक्टरांना भेटले. आईला न सांगता, फाइल घेऊन. प्रश्न लिहून नेले होते, नऊ. किती अंतरावरून काय दिसेल, किती उजेड लागेल, कुठल्या रंगावर कुठला रंग. त्यांनी तीन प्रश्नांची उत्तरं दिली आणि कागद बाजूला सारला. "भरपूर उजेड. शक्य तितका. उन्हाचा मिळाला तर उत्तम. आणि जवळून. बाकीचं त्यांनाच विचारा ना."

बाहेर मोजणीदार थांबला होता.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"एकदा जिन्यात पडता पडता राहिल्या. तेव्हा लक्षात आलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"मला वाटलं तुला माहीत असेल." तो खरंच गोंधळलेला होता. "तू सगळं मोजतेस. मला वाटलं तुमच्या घरात हे असंच, न बोलता चालतं."

तेही खरं आहे. चालत घरी आलो. तीन किलोमीटर. पाय दुखत होते आणि ते बरं वाटत होतं.

१७ मार्च, शुक्रवार

आईला सांगितलं. कसं सांगायचं ते तीन दिवस ठरवत होते आणि शेवटी भांडी पुसता पुसता म्हणून टाकलं.

"तारीख बदलली. दोन एप्रिल, रविवार. सकाळी अकरा. आपल्या गच्चीवर. नोंदणी अधिकारी यायला तयार आहेत."

आईच्या हातातली ताटली थांबली. "गच्चीवर? टाकीशेजारी?"

"हो."

"आणि तुझा छापखाना? ते दिवे?"

"रद्द केलं."

"लोक काय खुर्च्या डोक्यावर घेऊन बसणार उन्हात?"

"कापड बांधू. लोकांवर. तू बसशील तिथे नाही."

आईनं नळ बंद केला. मग ती म्हणाली, "मावशीनं तोंड उघडलं."

"नाही. तू स्टँडशी बोललीस."

तिनं ताटली खाली ठेवली. हात चाचपडत टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि तिथेच राहिला. "तो तू नव्हतीस?"

"नव्हते."

"वळला तर होता."

"मी वळवला."

ती हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवून. मग पदरानं नाही, मी पुसत होते त्याच ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. "शहाणी आहेस," म्हणाली. "आता रडू नकोस."

"मी रडत नाहीये."

"तेही तूच सांगायचं. मला कुठे दिसतंय."

मी विचारलं, का लपवलंस. म्हणाली, "सांगितलं असतं तर तू लग्न पुढे ढकललं असतंस. साठवलेले पैसे घेऊन मला दहा दवाखाने फिरवलं असतंस."

हे बरोबर आहे, मी तेच केलं असतं. आणि न सांगताही मी लग्न पुढेच ढकललं होतं, आरामात, चाळीस टक्क्यांसाठी.

मी कागद-पेन्सिल घेतली. म्हटलं, दोन मीटरवरून माझा चेहरा दिसतो का, एक मीटरवरून किती, डावीकडून बरं की उजवीकडून. तिनं माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि भांड्यांखाली पसरला.

"मी काय तुझा दिवा आहे का, तपासायला? जवळ ये म्हटलं की येत जा. पुरे."

२६ मार्च, रविवार

एका आठवड्यात सगळं बदलायचं म्हणजे सगळंच महाग. जेवणवाला बदलला, ताटात दोन पदार्थ कमी झाले. साहेबांना दिवे परत नेऊन दिले, ते म्हणाले, "नवराही परत की फक्त दिवे?" छापखान्याच्या व्यवस्थापकानं चाचणीच्या दोन तासांचे पैसे आता मागितले. दिले. वाद घालायला अंगात जोर नव्हता.

आज अकरा ते एक गच्चीवर उभी राहिले. टाकीला गंज, कठड्याचा रंग उडालेला, शेजारच्या इमारतीची वाळत घातलेली चादर. गडद निळं कापड उन्हात अजिबात काळं दिसत नाही. काळा दोरा दहा पावलांवरून दिसतो. आईला विचारलं, तेवढी एक बाजू उसवून मावशीकडून निळ्या दोऱ्यानं घालून घेऊ का?

"लोकांना दिसेल म्हणून?"

"हो."

"मग घे. मला काय."

मग मीच नको म्हटलं.

३ एप्रिल, सोमवार

लग्न झालं. काल लिहायला जमलं नाही.

अठ्ठावन्न माणसं आली. कापड अपुरं पडलं, ऊन सरकलं तशा खुर्च्याही सरकत गेल्या. सह्या होईपर्यंत सगळे टाकीच्या बाजूला गोळा झाले होते, बाजारात सावलीला उभे राहतात तसे. मोजणीदाराच्या काकांनी डोक्यावर रुमाल ठेवला आणि मग सगळ्या पुरुषांनी ठेवला. टेबलक्लॉथ वाऱ्यानं उडत होता म्हणून त्याच्यावर विटा ठेवल्या. साध्या, घराच्या विटा. मासिकात यातलं काहीही छापणार नाहीत.

सहीच्या वेळी अधिकारी म्हणाले, जवळची माणसं पुढे या. आई उठली. मोजणीदार हात द्यायला निघाला तर तिनं मानेनंच नको म्हटलं. चार पावलं एकटी आली, पाचवं माझ्या पायावर पडलं. ती एवढी जवळ उभी राहिली की अधिकाऱ्यांना वही तिरकी करावी लागली.

"आजी, सहीला जरा जागा द्या," ते म्हणाले.

"लेक माझी आहे," आई म्हणाली. "जागा तुम्ही द्या."

लोक हसले. तिनं दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला आणि उन्हाकडे वळवला. मान कलती करून एकदा या बाजूनं बघितलं, एकदा त्या बाजूनं, जसं ती दोऱ्याचा रंग बघायची. मला डोळे मिटून घ्यावेसे वाटत होते, ऊन थेट येत होतं. मी ते उघडे ठेवले. सगळे थांबले होते. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं आणि मग बघायचं सोडलं.

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही.

"नाकावर घाम आलाय तुझ्या," आई म्हणाली. "चमकतोय. पूस, फोटोत दिसेल."

मावशीनं रुमाल पुढे केला. मी घेतला, हातात ठेवला, आणि तशीच सही केली.